दोघांच्या चित्रात एकटी राणी

जोडप्याचे चित्र काढणे म्हणजे एका चौकटीत दोन माणसे शेजारी शेजारी बसवणे, अशी समजूत आपल्याकडे इतकी रुळली आहे की तिच्याविरुद्ध लेखणी उचलणे म्हणजे उगाच वाद उकरून काढणे असे पुष्कळांना वाटेल. वाटो बापडे! आम्हांला हा वाद उकरून काढावयाचाच आहे. कारण तो केवळ रंग आणि रेषा यांच्यापुरता नाही. ज्या गावात आम्ही मराठी माणसे सात-आठ पिढ्या नांदत आलो, त्या गावाने आपल्या शेवटच्या राजाला आणि राणीला कोणत्या डोळ्यांनी पाहावे, हा प्रश्न त्याच्या पोटात आहे. आणि त्याच्याही पोटात दुसरा एक प्रश्न आहे: पराक्रमी स्त्रीच्या शेजारी उभा असलेला पुरुष आपल्याला नेहमी खुजाच का लागतो?

झाशीच्या जुन्या तटाला दहा दरवाजे. खंडेराव, दतिया, उनाव, ओरछा, बडागाव, लक्ष्मी, सागर, सैंयर, भांडेर आणि झिरना. यांपैकी खंडेराव हे नाव कानी पडताच मराठी माणसाला घरचे कोणी बोलावल्यासारखे वाटते. या खंडेराव गेटच्या आसपास तसबिरींना चौकटी घालून देणाऱ्या दुकानांत देवादिकांच्या चित्रांबरोबर गंगाधरराव आणि लक्ष्मीबाई यांची रंगीत चित्रेही टांगलेली दिसतात. चित्रकार निराळे असतील, छापखाने निराळे असतील. ठसा मात्र एकच. डाव्या बाजूस गंगाधरराव. लोडाला टेकलेले, गाल बसलेले, मिशा उतरलेल्या, नजर जमिनीकडे. अंगरखा फिकट, मागे काळसर पडदा. उजव्या बाजूस लक्ष्मीबाई. जरीकाठी नऊवारी, नाकात नथ, गळ्यात मोत्यांचे पदर, कमरेला तलवार. आणि वरून येणारा सगळा उजेड तिच्या एकटीच्या तोंडावर. ती आपल्याकडे पाहते आहे. तो कोणाकडेच पाहत नाही. दोघांच्या मध्ये वीतभर जागा आहे आणि त्या जागेत काही म्हणजे काहीच नाही. स्पर्श नाही, दृष्टी नाही, राग नाही आणि लोभही नाही.

या चित्रांपुढे उभे राहून रसिक म्हणवणारे लोक माना डोलावतात आणि म्हणतात, 'विरोध काय सुरेख साधला आहे! एकीकडे मावळता राजा, एकीकडे उगवती राणी.' आमचे म्हणणे असे की येथे विरोध साधलेला नाही. येथे फक्त उजेडाची वाटणी झालेली आहे, आणि तीही अन्यायाने. विरोध साधावयाचा तर दोन गोष्टी एकमेकींना भिडाव्या लागतात. काळा रंग पांढऱ्याला लागून असतो म्हणून दोन्ही बोलतात. मध्ये भिंत घातली तर दोन्ही मुके. आपल्या रसशास्त्राने हे फार पूर्वी सांगून ठेवले आहे. भाव हवेत उत्पन्न होत नाही, त्याला आलंबन लागते. शृंगार असो की करुण, जोडप्याच्या चित्रात तो हे तिचे आलंबन आणि ती हे त्याचे. यांपैकी एकाची नजर प्रेक्षकाकडे आणि दुसऱ्याची जमिनीकडे लावून दिली की दोघेही निराधार होतात. मग उरते ते दोन स्वतंत्र तसबिरींना घातलेले एकच काचेचे झाकण.

आमच्या म्हणण्याला आधार हवा असेल तर तो घरात आहे आणि बाहेरही आहे. बाहेरचा आधी घेऊ. यान व्हान आयक याने १४३४ साली काढलेले आर्नोल्फिनी दांपत्याचे चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. त्यातला पुरुष गडद कपड्यांत, चेहऱ्याने फिका, जवळजवळ कठोर. स्त्री हिरव्यागार, भरघोस झग्यात. रंगांचा विरोध याहून ठळक क्वचितच सापडेल. पण चित्राच्या मध्यावर तिचा हात त्याच्या हातात आहे, आणि त्या हातांवरून आपली दृष्टी इकडून तिकडे जाते. रेम्ब्रांटचे 'ज्यू वधू' या नावाने प्रसिद्ध असलेले चित्र ॲम्स्टरडॅमच्या रेइक्सम्यूझियममध्ये आहे. पुरुषाची बाही सोनेरी, स्त्रीचा घागरा लाल. त्याने आपला हात तिच्या छातीवर ठेवला आहे आणि तिने आपली बोटे त्याच्या हातावर टेकवली आहेत. दोघांपैकी कोणीही हसत नाही. तरी त्या चित्रापुढे उभा राहणारा मनुष्य हलकेच बोलू लागतो. घरच्या आधारासाठी अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात जावे. तेथे विश्वंतर राजपुत्र आपल्या पत्नीला, माद्रीला, वनवासाची वार्ता सांगतो आहे. ती कोसळू पाहते, तो तिला सावरतो. दुःख एकाच बातमीचे आहे, पण ते दोन देहांत दोन तऱ्हांनी उतरले आहे. विरोध म्हणतात तो हा.

आणि इतके दूर तरी कशाला जावे? ज्या खंडेरावाचे नाव या दरवाजाला आहे, त्याच नावाच्या दैवताचे टाक आपल्या कित्येकांच्या देव्हाऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या पूजेत आहेत. एक घोडा, त्यावर खंडोबा आणि म्हाळसा दोघेही स्वार. खाली दैत्य, जवळ कुत्रा. कित्येक चित्रांत म्हाळसा पुढे बसलेली असते आणि दैत्याच्या छातीत घुसलेला भाला तिच्या हातचा असतो. बायकोने भाला चालवला म्हणून खंडोबा लहान झाला, असे जेजुरीच्या पायऱ्या चढणाऱ्या एका तरी भक्ताला कधी वाटले आहे काय? त्याला दुबळा दाखवावा म्हणजे म्हाळसा उठून दिसेल, असे टाक ठोकणाऱ्या एका तरी सोनाराच्या मनात आले आहे काय? बाणाईची कथा सर्वांना ठाऊक आहे. म्हणजे हे जोडपे काही भांडणावाचून संसार करणारे नव्हे. म्हाळसेचा राग, खंडोबाची अडचण, दोघींची जुगलबंदी हे सारे आपले वाघ्या-मुरळी रात्रभर गातात. तरी टाकावर घोडा एकच. शस्त्र धरलेल्या स्त्रीचे आणि न खचलेल्या पुरुषाचे चित्र कसे असावे हे आपल्या अशिक्षित कारागिरांना शेकडो वर्षे ठाऊक होते. कलाशाळेत शिकून आलेल्यांना ते ठाऊक नसावे, याला काय म्हणावे?

आता इतिहासाकडे वळू. गंगाधरराव हे शिवरावभाऊंचे चिरंजीव. १८३८ साली गादीचा हक्क त्यांच्याकडे आला, पण राज्य कर्जात होते म्हणून कंपनी सरकारने कारभार आपल्या हाती ठेवला आणि पुढे काही वर्षांनी तो त्यांना दिला, तोही फौजेच्या खर्चासाठी मुलुखाचा एक भाग तोडून घेऊन. १८४२ साली मोरोपंत तांब्यांच्या मुलीशी त्यांचा विवाह झाला. ही त्यांची दुसरी पत्नी. गंगाधररावांना नाटकाचा नाद होता. पदरी नट होते, गावात नाट्यगृह होते, आणि ते स्वतः स्त्रीवेष घेत असे सांगतात. यावरून त्यांची पुष्कळ टवाळी झाली आणि आमच्या चित्रकारांच्या कुंचल्यात तीच टवाळी भिजलेली आहे. पण ही टवाळी मराठी माणसाने करावी याची आम्हांला लाज वाटते. विष्णुदास भाव्यांनी सांगलीस 'सीतास्वयंवर' केले ते १८४३ साली. म्हणजे सांगलीत मराठी नाटक जन्म घेत होते त्याच सुमारास त्याच्यापासून शेकडो कोस दूर, बुंदेलखंडात, एक मराठी राजा रंगभूमीवर जीव टाकत होता. पुढे ज्या समाजाने भाऊराव कोल्हटकरांची शकुंतला डोक्यावर घेतली, ज्या समाजातील स्त्रियांनी बालगंधर्वांचे लुगडे नेसणे उचलले, त्या समाजाने गंगाधररावांच्या लुगड्याला हसावे?

विष्णुभट गोडसे हे वेढ्याच्या काळात झाशीत होते. त्यांनी पुढे लिहिलेला 'माझा प्रवास' चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ साली प्रसिद्ध केला. गंगाधररावांचा काळ त्यांनी डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. गावात जे बोलले जाई ते त्यांनी टिपले. त्यात या स्त्रीवेषाची एक हकीकत आहे. इंग्रज अधिकाऱ्याने याबद्दल विचारले तेव्हा महाराजांनी उत्तर दिले की तुम्ही साऱ्या हिंदुस्थानच्या राजांना बांगड्या भरल्या आहेत, मग मी त्या उघडपणे ल्यालो तर नवल कसले, अशा आशयाची ती हकीकत. घडली असो वा नसो, झाशीच्या लोकांनी ती जपली होती, एवढे तरी खरे. म्हणजे ज्या वेषात आजचा चित्रकार नामर्दपणा पाहतो, त्यात त्या काळच्या झाशीकराने जळजळीत उपरोध पाहिला होता. २०१९ साली आलेल्या 'मणिकर्णिका' या हिंदी चित्रपटाच्या बाकीच्या गुणदोषांविषयी बोलण्याचे हे स्थळ नव्हे. पण त्यातल्या राजाच्या हातातल्या बांगड्यांना अर्थ होता, एवढे त्यांच्या पदरात टाकले पाहिजे. एका करमणुकीच्या चित्रपटाला जे उमजले ते आमच्या गंभीर चित्रकारांना उमजू नये!

याच राजाचा दुसरा नाद ग्रंथांचा होता. वेद, भाष्ये, शास्त्रे, काव्ये यांच्या पोथ्यांचा त्यांचा संग्रह दूरदूर प्रसिद्ध होता, आणि १८५८ च्या एप्रिलात इंग्रजी फौज शहरात शिरल्यावर त्याची जी धूळधाण झाली तिच्याबद्दल गोडसे भटजींनी कळवळून लिहिले आहे. आता विचारावेसे वाटते की इतक्या चित्रांत गंगाधररावांच्या हाती कधी एक पोथी तरी कोणी दिली आहे काय? लोड दिला, तक्क्या दिला, हुक्क्याची नळीही दिली. पोथी नाही. कारण पोथी वाचणारा राजा दुबळा दिसणार नाही, आणि मग उजेडाची वाटणी बिघडेल.

दुबळा, विलासी, नाकर्ता राजा हे चित्र मुळात कोणाच्या सोयीचे होते, याचाही विचार व्हावा. संस्थाने खालसा करणाऱ्यांना असे राजे हवेच होते. राजा जितका निकामी, तितके राज्य गिळणे हे पुण्यकर्म. १८५४ साली डलहौसीने झाशी खालसा केली तेव्हा त्यामागे दत्तकविधान अमान्य करण्याचा कायदेशीर बहाणा होता. पण त्या बहाण्याला नैतिक रंग देण्याचे काम हिंदी राजांविषयीच्या असल्या समजुतींनीच केले. कंपनी गेली, राणीचे सरकार आले, तेही गेले. आणि कंपनीच्या सोयीची समजूत मात्र आम्ही चौकट घालून आमच्याच भिंतीवर टांगतो. राणीचा जयजयकार करीत टांगतो, हे त्यातले मोठे दुःख.

येथे आमचे प्रतिपक्षी म्हणतील, 'तुम्ही गंगाधररावांना सोवळे करू पाहता. वयातले अंतर खोटे काय? त्यांचा कडकपणा खोटा काय?' नाही, खोटा नाही. वयात अंतर मोठे होते. राणीवशावर त्यांचा बंदोबस्त कडक असे, हेही गोडसे भटजींच्या लेखणीतून आले आहे. बिठूरच्या मोकळ्या वाऱ्यात वाढलेल्या मुलीला त्या वाड्याच्या भिंती काय वाटल्या असतील, हे सांगण्यास कोणत्याही कागदाची गरज नाही. हे सारे चित्रात यावे, अशीच आमची मागणी आहे. लग्नाच्या वेळी या मुलीने भटजींना गाठ घट्ट मारण्यास बजावले, अशी एक दंतकथा येथे सांगतात. त्या गाठीत धिटाई आहे, थट्टा आहे, आणि पुढे येणारी घुसमटही आहे. मोठ्या वयाच्या, तापट, कलासक्त, परक्यांनी हात बांधलेल्या पुरुषाशी एका तेजस्वी मुलीची गाठ पडते आणि अकरा वर्षे टिकते. याहून समृद्ध विरोध चित्रकाराला कोठे मिळणार? पण तो विरोध दोघांच्या मधल्या जागेत आहे. राजाच्या गालांचे खड्डे खोल करून आणि राणीच्या नथीतले मोती मोठे करून तो हाती लागत नाही.

त्या मधल्या जागेत काय काय घडले पाहा. १८५१ साली त्यांना मुलगा झाला आणि काही महिन्यांतच तो गेला. एका पाळण्याच्या दोन बाजूंस बसलेली ती दोन माणसे आमच्या कोणा चित्रकाराला का दिसू नयेत? गादीला वारस हवा होता म्हणून एकाचे दुःख मोठे, पोटचा गोळा गेला म्हणून दुसरीचे मोठे. की दोघांचे एकच? यातच चित्र आहे. त्यानंतर राजाची प्रकृती ढासळत गेली. १८५३ च्या नोव्हेंबरात ते अंथरुणाला खिळले. २० तारखेला आनंदराव या मुलाला दत्तक घेऊन त्याचे नाव दामोदरराव ठेवले गेले. झाशीतील इंग्रज अधिकारी मेजर एलिस याच्या हाती राजाने खलिता दिला. दत्तकास मान्यता द्यावी आणि आपल्या पश्चात हयातभर राज्याचा कारभार आपल्या पत्नीकडे असावा, अशी त्यात विनंती होती. दुसऱ्या दिवशी, २१ नोव्हेंबरला, गंगाधरराव वारले.

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. ज्या पुरुषाने पत्नीला कडक बंदोबस्तात ठेवले असे आपण ऐकतो, तोच मरणाच्या आदल्या दिवशी राज्य तिच्या हाती देण्याविषयी लिहून देतो. भाऊबंद होते, कारभारी होते, दत्तकाच्या नावाने कारभार पाहण्यास पुढे येणारे पुरुष हवे तितके मिळाले असते. त्याने नाव घेतले ते तिचे. या अकरा वर्षांत त्याने तिच्यात काय पाहिले असेल? तिच्या पराक्रमाची कल्पना जगाला पुढे पाच वर्षांनी आली. या माणसाला ती आधीच आली होती, असा त्या खलित्याचा अर्थ आम्ही लावतो. आमच्या मते गंगाधरराव आणि लक्ष्मीबाई यांचे खरे चित्र त्या दिवसाचे आहे. एकीकडे थरथरत्या हातातला कागद, समोर तो घेणारा परका अधिकारी, मांडीवर भेदरलेले लहान मूल, आणि कोठे पडद्याआड, कोठे उशाशी, जेथे चित्रकाराला योग्य वाटेल तेथे, ती. राजाची नजर जमिनीकडे असण्याचे त्या घटकेस काहीएक कारण नाही. ती तिच्याकडेच असणार. तिची नजर कोठे असावी, हे ठरवताना खऱ्या चित्रकाराची झोप उडेल, आणि उडावीच.

तिच्या बाजूचा पुरावा हवा असेल तर लक्ष्मीतालाकडे जावे. महालक्ष्मीच्या देवळाजवळ गंगाधररावांची छत्री आहे. ती राणीने बांधवली. पुढे १८५८ च्या ४ एप्रिलच्या रात्री ती झाशीतून बाहेर पडली आणि जूनमध्ये ग्वाल्हेरला धारातीर्थी पडली. तिची समाधी तेथे, फुलबागेत. त्याची येथे. दोघांच्या समाध्यांमध्ये दोन राज्यांची हद्द येते. ज्यांना मरणानेही एका जागी ठेवले नाही त्यांना निदान चित्राने तरी एका जागी आणावे, तर तेथेही आमचा चित्रकार मध्ये वीतभर रिकामी जागा सोडतो.

दुसरा आक्षेप मुखवट्याचा. 'दोघांना समोर बसवून काढलेले अस्सल चित्रच नाही, तर भाव कोठून आणावा?' असे म्हणणाऱ्यांना आमचा उलट प्रश्न आहे: अस्सल चेहरा नसताना राजाच्या गालांचे खड्डे तेवढे कोठून आणलेत? आणि अस्सलपणाचा हा हव्यास माणसाला कोठे नेतो याचा मासलाही आपल्यापुढे आहे. राणीचे १८५० सालचे छायाचित्र म्हणून एक चित्र मोठ्या गाजावाजाने फिरवले गेले आणि हॉफमन या नावाशी जोडले गेले. कलकत्त्याची जॉन्स्टन आणि हॉफमन ही पेढी निघाली ती त्यानंतर तीस वर्षांनी, एवढे पाहण्याचीही कोणास गरज वाटली नाही. चेहऱ्याचे साम्य ही एक गोष्ट आणि नात्याचे सत्य ही दुसरी. अमेरिकेतला ग्रँट वुड याचे १९३० सालचे 'अमेरिकन गॉथिक' हे चित्र घ्या. शेतघरापुढे उभा म्हातारा, हातात दाताळे, शेजारी ओठ मिटलेली स्त्री. सगळे जग त्यांना नवराबायको समजते. चित्रकाराच्या बहिणीने मात्र ते बापलेक असल्याचे आग्रहाने सांगितले. स्त्रीच्या जागी ती बहीणच बसली होती आणि पुरुषाच्या जागी गावचा दंतवैद्य. दोघे चित्रासाठी एकत्र कधी उभेही राहिले नाहीत. तरी त्या दोन मिटलेल्या तोंडांमध्ये एका घराचे सगळे आयुष्य कोंडलेले आहे. कधीही शेजारी न उभ्या राहिलेल्या माणसांचे नाते जर उभे करता येते, तर अकरा वर्षे संसार केलेल्यांचे का येऊ नये?

तिसरा आक्षेप भक्तीचा आहे, म्हणून त्याला आम्ही हळुवारपणे उत्तर देऊ. 'राणी ही देवता आहे. तिच्या तेजापुढे दुसरा कोणीही फिकाच दिसणार.' ठीक आहे. मग तिला एकटीच काढा. घोड्यावर काढा, पाठीशी मूल बांधून काढा. तशी चित्रे आणि पुतळे गावोगाव आहेत आणि त्यांच्यापुढे आम्हीही हात जोडतो. पण दोघांचे चित्र म्हणून जे काढाल त्यात दोघे असू द्या. बाजारातल्या चित्रात पतीच्या शेजारी बसलेल्या राणीच्या कमरेला तलवार असते. ती तलवार १८५८ सालची आहे आणि पती १८५३ साली गेला आहे. म्हणजे चित्रकाराने पाच वर्षांनंतरची राणी उचलून आणून मरणोन्मुख राजाच्या शेजारी बसवली. मधली पाच वर्षे, वैधव्य, खालसा झालेले राज्य, अर्ज-विनंत्या, हे सगळे त्याने एका रंगाच्या थरात बुजवले. १८५४ साली जॉन लँग हा वकील तिला भेटला तेव्हा पडद्याआडून त्याला दिसली ती साध्या पांढऱ्या वस्त्रातली, कानांतल्या सोन्याखेरीज दागिना नसलेली तरुण विधवा. तिच्यातून ती रणरागिणी कशी झाली, हे समजण्यासाठी तरी तिच्या आधीचा संसार खरा दिसला पाहिजे. जिला काही गमवायचे नव्हते तिच्या त्यागाची किंमत ती काय? नवरा मातीचा दाखवला की तिचे वैधव्यही मातीमोल होते, हे तिच्या भक्तांच्या ध्यानात येत नाही.

हे सारे आम्ही इतक्या तळमळीने लिहितो, त्याचे कारण आमची मुले. झाशीतल्या मराठी घरांतील पोरे आज शाळेत हिंदी बोलतात, बाजारात बुंदेली बोलतात, आणि मराठी उरते ती आजीजवळ, आरतीत आणि गणेशमंदिरातल्या उत्सवात. राजा-राणीचे लग्न ज्या गणेशमंदिरात लागले असे आपण त्यांना सांगतो, तेथून घरी येताना वाटेत हीच तसबीर त्यांना दिसते. त्यावरून मुलगा शिकतो की शूर बायकोचा नवरा होणे ही नामुष्की आहे. मुलगी शिकते की मोठे व्हायचे तर शेजारचा माणूस आधी विझला पाहिजे. दोन्ही धडे खोटे आणि दोन्ही घरात विष कालवणारे. ज्या घरातली सून नोकरी करते, अधिकारावर चढते, चार लोकांत बोलते, त्या घरात या तसबिरीचे खोटे बोल रोज ऐकू येतात.

म्हणून आमचे मागणे साधे आहे. टांगलेल्या तसबिरी फोडा असे आम्ही म्हणत नाही. लोकांनी त्या श्रद्धेने घेतल्या आहेत. पण बृहन्महाराष्ट्रातल्या आपल्या मंडळांनी उत्सवाच्या वर्गणीतून दरसाल मखर आणि रोषणाई यांवर जो खर्च होतो, त्यातला थोडा बाजूला काढून एखाद्या जाणत्या चित्रकाराला बोलवावे. त्याच्या हाती पारसनिसांनी १८९४ साली लिहिलेले राणीचे चरित्र द्यावे, गोडसे भटजींचा प्रवास द्यावा. ओरछ्याच्या लक्ष्मीमंदिराच्या भिंतीवर इंग्रजी फौज आणि किल्ल्याची लढाई बुंदेली चिताऱ्यांनी कशी रंगवली ते त्याला नेऊन दाखवावे. लक्ष्मीतालावरची छत्री दाखवावी. देव्हाऱ्यातला टाक त्याच्या तळहातावर ठेवावा. आणि मग सांगावे की राजा म्हातारा काढ, आजारी काढ, तापट काढ, स्त्रीवेषातला काढलास तरी आमची हरकत नाही. राणी लहान काढ, रुसलेली काढ, संतापलेली काढ. फक्त दोघांची नजर एकमेकांपर्यंत पोहोचू दे.

तसे चित्र झाले की ते प्रथम खंडेराव गेटच्या त्याच दुकानांत छापून टांगावे. गिऱ्हाईक दोन्हींतले कोणते उचलते ते आम्ही पाहू. आमची पैज लोकांच्या बाजूने आहे.